चारशे दहा मिलिलिटर

चौतीस वर्षं पाणीखात्यात घालवलेल्या माणसाला दोन सशांना पाणी पाजणं म्हणजे हातचा मळ, असं आबांना वाटलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. चूक झाली ती पुढे. आणि एकदा व्हायला लागल्यावर मग आबांनीही तिच्यात काही कसर ठेवली नाही.

आबा मीटर तपासणी विभागात होते. लोकांच्या घरचे मीटर काढून आणायचे, लांबलचक टेबलावर बसवायचे, मोजून घेतलेलं पाणी त्यांतून सोडायचं आणि काटा खरा की खोटा ते ठरवायचं, हे काम. एखादी बाई तावातावाने कचेरीत यायची, "एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही हो साहेब!" म्हणायची. आबा चष्मा पुसत शांतपणे सांगायचे, "बाई, मीटर खोटं बोलत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की निवृत्तीच्या समारंभात मोठ्या साहेबांनी भाषणात तेच म्हणून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. आबाही हसले, पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. इमारतीत त्यांना पाठीमागे 'मीटरकाका' म्हणत. आबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ससे त्यांचे नव्हते. नातीचे, बिट्टीचे होते. बिट्टी नऊ वर्षांची. एका सशाला तिने 'हवालदार' नाव ठेवलं होतं, कारण कोणी जवळ आलं की तो मागचा पाय दाणकन जमिनीवर आपटायचा. दुसरी 'मावशी', तिच्या गळ्याखाली कातडीची जाड घडी लोंबायची आणि ती सगळ्यांकडे नापसंतीने बघायची. आबांच्या मुलाची बदली झाली, तेव्हा नव्या गावातल्या घरमालकाने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं.

सुनेने तोड काढली होती. "बाबा, माझ्या मैत्रिणीच्या बहिणीकडे चार ससे आहेत. गावाबाहेर घर आहे, अंगण आहे. ती दोघांना ठेवून घ्यायला तयार आहे."

"घरचं जनावर परक्याच्या दारात कशाला?" आबा म्हणाले. "मी आहे ना. मी बघेन."

"तुम्हाला त्रास होईल."

"मला कसला त्रास? मी मोकळाच आहे."

हे सगळं मायेपोटी चाललंय असं सुनेला वाटलं. तसं ते होतंही, पण माया सशांची नव्हती. आबांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. आता मुलगा, सून, नात गेल्यावर तीन खोल्यांत एक माणूस उरणार होता. नऊ वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजोबांना भेटायला किती वेळा येते? पहिल्या सुट्टीत येते, दुसऱ्या सुट्टीत शिबिराला जाते, तिसऱ्या सुट्टीत मैत्रिणी सोडवत नाहीत. पण तिचे ससे इथे असले तर ती येणार. प्रत्येक सुट्टीला, झक मारत येणार. आबांनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतंच.

तर मंडळी गेली, आणि गॅलरीतल्या पिंजऱ्यासमोर आबा स्टूल टाकून बसले. बिट्टीने जाताना एकच गोष्ट बजावली होती: "आबा, त्यांना पाणी कमी पडू देऊ नकोस. मी रोज साडेसहाला फोन करणार. तू मला किती प्यायले ते सांगायचंस. मी वहीत लिहिणार."

किती प्यायले ते सांगायचं! हे आबांना सांगावं लागत होतं!

बिट्टी वापरायची तो प्लास्टिकचा वाडगा सामानाबरोबर चुकून गेला होता. आबांनी स्टीलची वाटी ठेवली. हवालदाराने ती दातात धरून उचलली, रिकामी केली आणि पिंजऱ्याच्या दारावर वाजवली. आबांनी जड पितळी भांडं ठेवलं. हवालदार त्यात बसला. मग आबांनी चिनी मातीचा, तळाला रुंद, तोंडाला अरुंद असा एक कुंडा आणला. तो उलटणं शक्यच नव्हतं, आणि तो उलटला नाही. त्यात मावशीने वाकून पाणी पिताना गळ्याखालची घडी बुडवली आणि दिवसभर ओल्या टॉवेलसारखी ठिबकत हिंडली.

इथून सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. बाई मनाने चांगल्या, पण दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींचं त्यांना स्वतःच्या घरापेक्षा बारीक ज्ञान. "गळा ओला ठेवू नका हं," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी शेजाऱ्यांकडे होता ससा. गळा ओला राहिला, तिथे चिघळलं, आणि मग..." पुढचं त्यांनी फक्त हाताने दाखवलं. समोरच्या दारातले सेक्रेटरी एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "प्राण्यांना शिस्त लावावी लागते. ठरावीक वेळी भांडं ठेवा, ठरावीक वेळी उचला." आबांनी करून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. इथे घडा रोज दोनदा पालथा होत होता.

आबांच्या मनाला लागलं ते वेगळंच. सांडलेलं पाणी मोजता येत नाही. साडेसहाला फोन यायचा, "आबा, किती प्यायले?" आणि पाणीखात्यातला माणूस म्हणायचा, "प्यायले असतील गं, बरंच." वहीत 'बरंच' कसं लिहायचं, असं बिट्टीने विचारलं. आबांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने बाटली दाखवली. उलटी टांगायची, तोंडाला स्टीलची नळी, नळीच्या टोकाशी एक छर्रा. सशाने जिभेने छर्रा ढकलला की थेंब येतो, सोडला की बंद. बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा होत्या. रेघा बघून आबांचा चेहरा उजळला. बाटली पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून जाळीला टांगायची आणि नळी आत घालायची, म्हणजे उलटायचा प्रश्नच नाही. त्यांनी घरातली सगळी भांडी, वाट्या, कुंडे उचलले, धुतले आणि माळ्यावर टाकले.

बाटली गळत होती. जास्त नाही, दर अकरा सेकंदाला एक थेंब. आबांनी घड्याळ लावून मोजलं. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं किंवा बाटली परत केली असती. आबांनी हत्यारांचा डबा काढला. नळीतला छर्रा काढून त्याच्या जागी जुन्या बेअरिंगमधला, केसभर मोठा आणि चांगला वजनदार छर्रा बसवला. झाकणातला पातळ वायसर काढून मीटरला लावतात तसला जाड रबरी वायसर घातला. बाटली टेबलावर उलटी टांगून दोन तास समोर बसून राहिले. नळीच्या टोकाला थेंबसुद्धा धरला नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं समाधान त्यांना क्वचित मिळालं होतं.

आणि ससे पिऊ लागले! बाटलीकडून खट्खट् असा छर्र्याचा आवाज यायचा, हवालदार नळीला तोंड लावून बसलेला असायचा, आणि संध्याकाळी रेघ उतरलेली असायची. नळीखाली फरशी कोरडी ठणठणीत. म्हणजे गेलेलं पाणी सशांच्या पोटातच गेलं, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

"तीनशे साठ," आबा फोनवर म्हणाले.

"खूप झालं!" बिट्टी म्हणाली. "थांब, लिहिते."

मग तीनशे ऐंशी. मग तीनशे पंच्याण्णव. बिट्टीने आलेख काढायला घेतला. तिने तो शाळेत नेला आणि बाईंनी फळ्याशेजारी लावला. ज्या दिवशी चारशे दहा झालं, त्या दिवशी ती फोनवर ओरडली, "आबा, तू ग्रेट आहेस!" आबांनी फोन ठेवला आणि रिकाम्या घरात दोन फेऱ्या मारल्या. एवढं कोणी त्यांना पत्नी गेल्यापासून म्हटलं नव्हतं.

याच सुमारास खालच्या वहिनींच्या छताला ओल आली.

आधी बशीएवढा डाग होता, मग ताटाएवढा झाला. वहिनी वर आल्या. "काका, तुमच्याकडे काहीतरी गळतंय."

"माझ्याकडे?" आबांनी हा शब्द असा उच्चारला की वहिनी एक पायरी मागे सरकल्या. पाणीखात्यातल्या माणसाच्या घरात गळती म्हणजे न्यायाधीशाच्या घरी चोरीचा माल. आबांनी तिथल्या तिथे शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. घरातले सगळे नळ बंद केले, जिन्याखालच्या मुख्य मीटरसमोर वहिनींना साक्षीला उभं केलं आणि पाऊण तास काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही.

"बघा," आबा म्हणाले. "माझ्या घरात एक थेंब गळत नाही. मीटर खोटं बोलत नाही."

"मीटर बोलत नसेल," वहिनी म्हणाल्या, "पण माझं छत बोलतंय ना!"

प्रकरण सोसायटीकडे गेलं. सेक्रेटरींकडे अशा प्रसंगासाठी छापील अर्ज होता, दोन प्रतींत भरायचा. त्यात 'गळतीचे उगमस्थान' असा रकाना होता आणि तो कोरा ठेवला तर अर्ज दाखल होत नव्हता. उगमस्थान माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता, असं वहिनींनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, भाषा जपून वापरा. शेवटी रकान्यात 'वर' असं लिहिलं गेलं. त्याला आबांनी हरकत घेतली, कारण वर म्हणजे आकाशही असू शकतं. मग तीन जणांची पाहणी समिती नेमली. समितीने बूट काढून आबांच्या घरात फेरी मारली, चहा घेतला आणि न्हाणीघराकडे बोट दाखवलं. सोसायटीचा प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तसा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "फोडावं लागेल."

फोडलं. चार दिवस आबा हात-पाय स्वयंपाकघराच्या मोरीत धूत होते. फरशीखालचा पाईप नव्या नवरीसारखा कोरा करकरीत निघाला. प्लंबर म्हणाला, "इथे नाही हे तर नक्की झालं!" हे नक्की करायला आबांचं अख्खं न्हाणीघर गेलं. खालचा डाग मात्र वाढतच होता.

या रणधुमाळीत गॅलरीकडे लक्ष कमी झालं. पाणी भरणं चुकलं नाही. ते आबा स्वतःचं औषध विसरतील पण चुकवणार नाहीत. पण खट्खट् असा आवाज येईनासा झाला होता, ते त्यांच्या ध्यानात उशिरा आलं. मावशी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाळीला नाक लावून पाठमोरी बसायची. आबांना वाटलं रुसली, बिट्टी नाही म्हणून. हवालदार आडवा पडून असायचा. वहिनींनी भांडणातून वेळ काढून सांगितलं, "पाला ओला देताय ना धुऊन? तो बंद करा. पोट बिघडतं सशांचं. सुकं गवत द्या." आबांनी पाला बंद करून सुकं गवत सुरू केलं. चार दिवसांनी हवालदाराकडे हात नेला, तर त्याने पाय आपटला नाही.

आबा दुकानात धावले. दुकानदाराने पाण्यात घालायची टॉनिकची पूड दिली. "ताकदीची आहे. एक चमचा बाटलीत. चार तासांत फरक दिसेल."

पूड गुलाबी होती. बाटलीतलं पाणी गुलाबी झालं. आबांनी बाटली टांगली, रेघ बघितली आणि पिंजऱ्यापाशी बसून म्हणाले, "पी रे बाबा. पी. साडेसहाला तिचा फोन येईल." हवालदाराने कान हलवला.

संध्याकाळी पाच वाजता खालून हाक आली. आबा खाली गेले. वहिनींच्या दिवाणखान्यात सेक्रेटरी होते, प्लंबर होता, वहिनींचे यजमान होते, आणि सगळे माना वर करून उभे होते. छतावरचा डाग गुलाबी झाला होता.

"आजवर पुष्कळ ओल पाहिली," सेक्रेटरी म्हणाले, "पण रंगीत पहिल्यांदाच."

"साहेब, पाईपात गुलाबी पाणी नसतं," प्लंबर म्हणाला. "हे काहीतरी वेगळंच आहे."

वहिनींना आधी हसू फुटलं. मग त्यांच्या यजमानांना. प्लंबर तर खाली बसला. "काका, वर सरबत करताय की काय!" सेक्रेटरींनी अर्ज काढला आणि उगमस्थानाच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, "काय लिहू? बोला." इतक्या दिवसांच्या तणातणीनंतर सगळे एकदमच मोकळे झाले होते, आणि आबांच्याही ओठांवर हसू येत होतं. गळती सापडली होती. गुलाबी पाणी फक्त एकाच ठिकाणी होतं.

मग त्यांना पुढचं कळलं. टॉनिक छतात उतरलं होतं. म्हणजे ते सशांच्या पोटात नव्हतं. आजचं नव्हतं, कालचं नव्हतं, एकाही दिवसाचं नव्हतं.

"काका, काय झालं?" वहिनींनी विचारलं.

आबा धावत जिना चढले. गेल्या दहा वर्षांत ते जिना धावत चढले नव्हते. बाटलीच्या मागे बोट फिरवलं. जाड वायसरमुळे झाकण पुरतं बसलंच नव्हतं; टेबलावर ते टिकलं, पण जाळीला टेकल्यावर मागून उचललं गेलं होतं. तिथून पाणी आवाज न करता झाकणाच्या मागून ओघळत होतं, जाळीच्या पट्टीवरून भिंतीला जात होतं आणि भिंत-फरशीच्या फटीत मुरत होतं. नळीतून मात्र काहीच येत नव्हतं. आबांनी करंगळीने छर्रा ढकलून पाहिला. हलला नाही. अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुठे एक थेंब आला. ती खट्खट् पिण्याची नव्हती. हवालदार पाणी मागत होता. आबा समोर बसून ते ऐकत होते आणि खूश होत होते.

मावशी कोपऱ्यात बसून भिंतीवरचा ओघळ चाटत होती. तिचं नाक गुलाबी झालं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही टेबलावर घेतलं. मावशीच्या कातडीखाली सलाईन दिलं, मग हवालदाराच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"किती दिवस पाणी नाही?"

"सतरा दिवस मी रोज भरत होतो," आबा म्हणाले.

"भरत होतात हो. यांना मिळालं नाही. ओल्या पाल्यावर तग धरून राहिले असणार. पाला कधी थांबवला?"

"चार दिवस झाले."

बाईंनी मान वळवून सुई भरायला घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं.

"लेंड्या बघत होतात का? कमी व्हायला लागतात, बारीक होतात. त्यावरून कळतं."

आबांनी मान हलवली. आत काय जातं ते त्यांनी मोजलं होतं. बाहेर काय येतं ते बघायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना कचेरीतल्या त्या सगळ्या बाया आठवल्या. एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही हो साहेब. मीटर खोटं बोलत नव्हता, हे खरंच. पाणी गेलं एवढंच तो सांगतो. कुठे गेलं ते सांगत नाही. त्यांतल्या कितीजणींच्या भिंतीत ते मुरत असेल, आणि आबांनी चष्मा पुसत त्यांना परत पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी साडेसहाचा फोन आबांनी उचलला नाही.

हवालदार दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गेला. आबा तिथेच होते. शेवटी त्याने मागचा पाय एकदा हलवला. आपटावा इतका जोर त्यात नव्हता.

मावशी वाचली.

वहिनी रडल्या. छताचं त्यांनी पुन्हा नावही काढलं नाही, आणि सुक्या गवताचा सल्ला आपण दिला होता हे त्यांना बोचत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण सल्ल्याची सवय सुटते कुठे? "काका, बिट्टीला सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "दुकानात तसलाच दुसरा मिळेल. पोरांना काय कळतंय?" सेक्रेटरींनाही, मुख्याध्यापक असून, हे पटलं. दुकानदाराने तर फोटो पाहून लगेच एक ससा काढून हातात दिला. "अगदी डिट्टो. कानावरचा ठिपकासुद्धा."

आबांनी तो ससा छातीशी धरला. उबदार होता, गरीब होता, बगलेत तोंड खुपसून बसला. घेऊन जावं असं त्यांना फार वाटलं. पाय आपटायला शिकवता येईल का, असाही एक खुळा विचार येऊन गेला. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही नापास मीटरला पास म्हणून सील ठोकलं नव्हतं. लोकांनी मिठाई आणून दिली, वरून चिठ्ठ्या आल्या, तरी नाही. पण गेले सतरा दिवस ते स्वतःच रोज साडेसहाला खोटं वाचन देत होते, आणि ते शाळेच्या भिंतीवर टांगलेलं होतं. त्यांनी ससा परत दिला.

साडेसहाला त्यांनी स्वतः फोन लावला. सगळं सांगितलं. छर्रा, वायसर, भिंत, गुलाबी डाग. काही लपवलं नाही.

"म्हणजे ते चारशे दहा खोटं होतं?" बिट्टीने विचारलं.

"हो."

"सगळेच आकडे?"

"सगळेच."

तिने फोन आईकडे दिला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "बोलत नाही ती, बाबा," सून म्हणाली. "आलेख फाडला तिने. थोडे दिवस जाऊ द्या."

इकडे मावशी खाईना. आता तिच्यापुढे बिट्टीच्या वाडग्यासारखाच साधा, उथळ प्लास्टिकचा वाडगा होता आणि ती त्यातून व्यवस्थित पाणी प्यायची, पण खाण्याला तोंड लावत नव्हती. हवालदार झोपायचा त्या जागेवर जाऊन बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जोडीचं जनावर आहे. एकटं नाही राहायचं ते. दुसरे ससे असतील अशा घरी द्या, नाहीतर हीही जाईल." आबांनी विचारलं, माणसाच्या सोबतीने नाही का चालणार? त्या म्हणाल्या, तुम्ही कितीही केलंत तरी तुम्ही ससा नाही.

त्या दिवशी आबा पिंजऱ्यासमोर पुष्कळ वेळ बसले. मावशी इथे असली तर निदान तिच्यासाठी तरी बिट्टी येईल, कधी ना कधी, राग निवला की. मावशी गेली तर मग या घरात काय उरतं? एक फोडलेलं न्हाणीघर आणि एक म्हातारा, ज्याने तिचा ससा मारला. शेवटी त्यांनी सुनेला फोन केला. "सूनबाई, तुझ्या मैत्रिणीच्या बहिणीकडे अजून जागा आहे का गं?"

उरलासुरला धागा आपण आपल्या हाताने तोडतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सून आणि बिट्टी आल्या. बिट्टी आबांकडे न बघता सरळ गॅलरीत गेली आणि मावशीला मांडीवर घेऊन बसली. टॅक्सीतही ती खिडकीकडे तोंड करून होती. गावाबाहेरचं घर चांगलं होतं. मोठं अंगण, कुंपण, सावलीत मातीचं एक उथळ भांडं, तेही कडेला टवका उडालेलं. त्याला छर्रा नव्हता, वायसर नव्हता, रेघा नव्हत्या. मावशी आधी कुंपणापाशी दबून बसली. मग तिथला एक थोराड करडा ससा आला, तिला हुंगून तिच्या अंगाला टेकून बसला. थोड्या वेळाने दोघं उठून भांड्यापाशी गेली आणि शेजारी शेजारी पाणी प्यायली. तिचा गळा ओला झाला. कोणी काही म्हटलं नाही.

बिट्टी बराच वेळ उकिडवी बसून बघत होती. मग पहिल्यांदा आबांकडे वळली. "आबा, हिला इथेच ठेवू या."

"हो," आबा म्हणाले. "इथेच बरी."

परतताना टॅक्सीत मागे तिघं बसली, बिट्टी मध्ये. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आई, सुट्टीत मी मावशीला भेटायला येणार."

"बरं," सून म्हणाली. "आणि आबांकडे?"

"आबांकडे काय?"

आबा बाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकलचं चाक काढत होता, त्याच्याकडे त्यांनी फार लक्ष देऊन बघितलं.

"आबांकडे नाही का जायचं?"

"अगं आई, आबांकडे तर राहायचंच ना!" बिट्टी वैतागून म्हणाली. "नाहीतर मी झोपणार कुठे? मावशीच्या पिंजऱ्यात?"

तिच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आबांचं घर होतं तिथे होतं, आणि सुट्टीत तिथे जायचं असतं. तिचा राग होता तो राग होता. तो काही घर सोडण्याइतका नव्हता. आबांच्या लक्षात आलं की हे त्यांना पहिल्याच दिवशी, सामान बांधलं जात असताना, एका प्रश्नात विचारता आलं असतं. बिट्टी, ससे नसले तरी येशील ना? एवढंच. विचारलं नाही, कारण 'नाही' म्हणेल अशी भीती होती. विचारलं असतं, तर दोन्ही ससे तेव्हाच या अंगणात आले असते, आणि या घडीला हवालदार त्या करड्या सशासमोर पाय आपटत असता.

आबांनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढला होता, पण पुसणं जमेना. त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग ते काही केल्या आवरेना.

बिट्टी घाबरून आईकडे वळली. "आई, आबा का रडतोय?"

"हवालदारासाठी," सून म्हणाली.

आबांनी मान हलवली. ते खोटं नव्हतं.

बिट्टीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "मग रड," ती म्हणाली, आणि त्यांच्या दंडाला टेकून, पुढच्या काचेतून रस्ता बघत बसली.